बोरदऱ्याची मुक्कामी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी लाल गाडी आहे. आता मला पाहाल तर गाडी म्हणायला तुम्ही कचराल. माझी चाकं काढून नेली आहेत, इंजिनाच्या जागी रिकामा खड्डा आहे आणि यवतमाळच्या बाहेर एका भंगारवाल्याच्या आवारात मी विटांवर टेकून उभी आहे. काचा गेल्या, बाकांचं रेक्झिन उंदरांनी कुरतडलं. आवारात येणारी माणसं माझ्याकडे पाहतात ती माझ्यात लोखंड किती निघेल याचा अंदाज घ्यायला. पण मी आयुष्यभर माणसं वाहिली आहेत, आणि त्या माणसांची गोष्ट मला कुणाला तरी सांगायची आहे. तुम्ही ऐकाल का?

माझा जन्म नागपूरकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. आधी लोखंडाचा सांगाडा, मग त्यावर पत्रा, मग आत हिरवे बाक. ज्या दिवशी मला लाल रंग चढवला त्या दिवशी मी स्वतःवरच खूश होते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गाड्या पुण्याला, हैदराबादला जायच्या होत्या. मलाही वाटलं, आपणही मोठी शहरं पाहू. पण माझ्या वाट्याला आलं बोरदरा. घाटंजीपासून थोडं डांबर, मग मुरूम, मग एक नाला, आणि नाल्यापलीकडे जंगलाच्या कडेला वसलेलं गाव. मी फार हिरमुसले होते. पुढे मला कळलं, की मोठ्या रस्त्यावरच्या गाडीला प्रवासी असतात, मुक्कामी गाडीला गाव असतं.

संध्याकाळी मी बोरदऱ्याला पोचायचे, तिथेच राहायचे आणि सकाळी गावातली माणसं घेऊन घाटंजीला निघायचे. माझे ड्रायव्हर होते डोमाजी. उंच, अबोल माणूस. गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा धरून गाडी चालवायचे आणि नाल्याच्या उतारावर मला बैलासारखं चुचकारायचे. कंडक्टर होता धम्मरत्न, घाटंजीचाच तरणा पोरगा. तो सगळ्या गावाला नावानिशी ओळखायचा. बुद्धविहारासमोरच्या मोकळ्या जागेत मी उभी राहायचे आणि हे दोघे विहाराच्या ओट्यावर झोपायचे.

विहाराला लागूनच उकंडाचं घर होतं. उकंडा दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करायचा. रोज सकाळी तो बादली घेऊन यायचा आणि माझ्या इंजिनात पाणी ओतायचा. ते त्याचं काम नव्हतं, त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. त्याची बायको तुळसाबाई डोमाजीसाठी चहा पाठवायची, आणि त्यांची लहानगी उर्वशी माझ्या रिकाम्या बाकांवरून उड्या मारत, नसलेल्या प्रवाशांची तिकिटं फाडायची. डोमाजी आणि उकंडा फार बोलत नसत. पाणी ओतून झालं की दोघं शेजारी उभे राहून माझ्या इंजिनाचा आवाज ऐकायचे. उकंडा मान हलवायचा, म्हणजे सगळं ठीक आहे. मग आम्ही निघायचो.

त्या काळी कायदा असा होता, की त्या रस्त्यावर भाडं घेऊन माणसं नेण्याचा हक्क फक्त सरकारी गाडीला होता. दुसऱ्या कुणी तसं केलं तर पोलिस त्याची गाडी अडकवून ठेवत. मला त्याचा अभिमान वाटायचा. आम्ही सगळ्यांना नेत होतो. बाजाराला जाणाऱ्या बाया, कोलामांच्या वस्तीवरची, म्हणजे पोडावरची माणसं, तांड्यावरचे बंजारे, पासवर शाळेत जाणारी मुलं, अर्ध्या तिकिटाचे म्हातारे. कुणी हात दाखवला आणि आम्ही थांबलो नाही, असं डोमाजीच्या हातून तरी झालं नाही.

पण मित्रांनो, आपल्या घराण्याचं सगळंच चांगलं सांगणं बरं नाही. हक्क आमचा एकट्यांचा होता, म्हणून थोडी बेफिकिरीही आली होती. डोमाजी सुट्टीवर गेले की बदलीवर येणारे काही ड्रायव्हर हात दाखवणाऱ्याच्या अंगावर धूळ उडवून निघून जायचे. माझी एक खिडकी फुटली ती सगळा हिवाळा तशीच राहिली. एखाद्या दिवशी मी बिघडले तर दुसरी गाडी यायचीच असं नव्हतं. बायका डोक्यावर गाठोडी घेऊन नाल्यापर्यंत येत आणि वाट पाहून परत जात. आणि सकाळ-संध्याकाळच्या मधल्या वेळात गावावर काही प्रसंग आला तर गावाने काय करायचं, याचा विचार कुणीच केलेला नव्हता.

तसा प्रसंग आला. कापूस वेचणीचे दिवस होते. भर दुपारी पऱ्हाटीच्या ओळीत वेचता वेचता उकंडाला साप चावला. मी तेव्हा दूर यवतमाळच्या रस्त्यावर धावत होते. गावात दुसरं वाहन नव्हतं. तांड्यावरच्या देवीलालने आपली बंडी जुंपली, उकंडाला तीत घातलं आणि बैलांना जीव तोडून हाकलं. संध्याकाळी मी बोरदऱ्याकडे येत असताना अर्ध्या वाटेत ती बंडी आम्हाला भेटली. तुळसाबाई उकंडाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

डोमाजींनी मला तिथेच थांबवलं. गाडी माणसांनी भरलेली होती, सगळ्यांना घराची ओढ होती. ते मागे वळून म्हणाले, "मी गाडी वापस घाटंजीले नेतो. ज्याले उतराचं हाय त्यानं उतरून घ्या."

कुणी उतरलं नाही. उकंडाला माझ्या मागच्या लांब बाकावर निजवलं. डोमाजींनी मला त्या दिवशी पळवलं तसं कधीच पळवलं नव्हतं. घाटंजीच्या जिनिंगमधले कापसाचे पांढरे ढीग दिसू लागले आणि मागच्या बाकावर उकंडाला मारलेल्या तुळसाबाईच्या हाका थांबल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, की दुपारीच आणलं असतं तर कदाचित वाचला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या इंजिनात डोमाजींनी स्वतःच पाणी ओतलं.

देवीलालच्या मनाला ती गोष्ट फार लागली. बैल त्याचे होते, बंडी त्याची होती, आणि तो पोचला नव्हता. बैलजोडी विकून त्याने एक जुनी जीप घेतली. सुरुवातीला तो चोरून माणसं न्यायचा आणि पकडला जायचा. पण पुढे सरकारचं धोरणच बदललं. आता एकट्या सरकारी गाडीचा हक्क नको, खासगी वाहनांनाही परवाने द्या, स्पर्धा होऊ द्या, लोकांची सोय होईल, असं ठरलं. बोरदऱ्याच्या ग्रामसभेत देवीलालच्या परवान्याचा विषय निघाला. दोघा-चौघांनी शंका काढल्या. तेव्हा बायांच्या बाजूने तुळसाबाई उठली आणि म्हणाली, की जीप गावात असती तर माझ्या पोरीचा बाप आज असता. त्यानंतर कुणी विरोध केला नाही. देवीलालची जीप काळी-पिवळी रंगली आणि रस्त्यावर आली.

मी तिचा राग करायला हवा होता, नाही का? पण खरं सांगते, पहिली काही वर्षं त्या जिपेने गावाचं भलंच केलं. ती दारापुढे थांबायची. कोंबड्या, बकऱ्या, सरकीची पोती, काहीही घ्यायची. पोडावरच्या एका बाईला अवघड वेळ आली तेव्हा देवीलालने भर दुपारी तिला घाटंजीला नेलं. बाई आणि बाळ दोघं सुखरूप परत आली. फवारणी करताना चक्कर येऊन पडलेल्या एका माणसालाही त्याने वेळेवर पोचवलं. अशा वेळी तो भाडं विचारायचा नाही. इतकंच काय, जीप आल्यावर आमचंही वागणं सुधारलं. माझी फुटलेली खिडकी बसवली गेली, बदलीवरचे ड्रायव्हर हात दाखवणाऱ्यापाशी थांबू लागले. प्रवासी हातचा जाईल अशी भीती असली की माणूस गोड बोलायला शिकतो, हे मी तेव्हा पाहिलं.

मग हळूहळू एक गोष्ट घडत गेली. मी सकाळी निघण्याच्या थोडं आधी जीप निघायची. गडबडीत असलेली, रोख पैसे देणारी माणसं तिच्यात बसून जायची. माझ्यासाठी उरायची ती शाळेची पोरं, म्हातारे आणि पासवाल्या मुली. जिपेत पास चालत नव्हता, अर्धं तिकीटही नव्हतं. तो काही देवीलालचा दुष्टपणा नव्हता. त्याला डिझेल स्वतःच्या खिशातून भरावं लागायचं. पण परिणाम असा झाला, की ज्यांच्याकडून गाडी चालण्याइतकं उत्पन्न मिळायचं ती माणसं त्याच्याकडे गेली आणि ज्यांना गाडीची सगळ्यात जास्त गरज होती ती माझ्याकडे राहिली. आणि वरच्यांनी नेमकं त्याच दिवसांत प्रत्येक फेरीचं उत्पन्न तपासायला सुरुवात केली होती.

डोमाजींना पुढचं दिसत होतं. एका सकाळी बाजाराच्या दिवशी तुळसाबाई जिपेत चढत होती. डोमाजी कधी कुणाला असं बोलत नसत, पण त्या दिवशी ते खाली उतरले आणि म्हणाले, "तुळसाबाई, तुमी तरी लाल गाडीत बसत जा. अशी रिकामी चालली तं बंद करून टाकतीन."

तुळसाबाईने पाय जिपेच्या पायरीवरच ठेवला. ती म्हणाली, "डोमाजीभाऊ, माह्या मालकाले पाय्जे होती तवा कुठी होती तुमची गाडी?"

डोमाजी मागे फिरले. येऊन स्टीअरिंगवर बसले. घाटंजी येईपर्यंत त्यांनी खर्ऱ्याची पुडीही उघडली नाही.

पुढे एकदा डेपोतले साहेब गावात आले. फेरी तोट्यात आहे, गाडी लागते का, असं त्यांनी विचारलं. चावडीपाशी बसलेली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. कुणीतरी म्हणालं, आली तं बरी, नाई आली तं बी चालते. साहेब तेवढंच वाक्य घेऊन गेले. पासवाल्या मुली तेव्हा शाळेत होत्या. त्यांना कुणी विचारलंच नाही.

आधी माझा मुक्काम बंद झाला. मग सकाळची फेरी आठवड्यातून काही दिवस, मग तीही बंद. मला, डोमाजींना आणि धम्मरत्नला यवतमाळ-घाटंजी रस्त्यावर घातलं. शेवटच्या दिवशी गावातून निघताना कुणी पाहायलाही आलं नाही. आपलं काही जात आहे, असं कुणाला वाटलंच नव्हतं.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षं तुम्हाला तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांनी सांगितली असतील. पाऊस आला तसा निघून जायचा. बोंडांना अळी लागायची. जो कापूस हाती यायचा त्याला भाव नसायचा. गावात पैसा नसला की गाव जागचं हलत नाही. बाजाराचा दिवस सोडला तर देवीलालची जीप भरेना. आणि जीप भरल्याशिवाय सुटत नाही, हा जिपेचा धर्म. तशात डिझेल महाग होत गेलं. दुसऱ्या गावांच्याही जिपा आल्या आणि असलेले चार प्रवासी त्या ओढू लागल्या.

उर्वशी तेव्हा घाटंजीला अकरावीत होती. गावातली शाळा सातवीपर्यंतच. आठवीपासून ती माझ्याच खिडकीशी बसून शिकली होती. माझी फेरी बंद झाल्यावर देवीलाल तिला फुकट न्यायचा. तो म्हणायचा, तू उकंडाभाऊची पोरगी, तुझ्याकडून काय घ्यायचं. पण जीप भरेपर्यंत थांबावं लागे, आणि ती भरायची तोवर उर्वशीचे पहिले तास होऊन जायचे. पैसे देणारा माणूस आला की ती आपणहून उठून मागच्या फळीवर उभी राहायची. संध्याकाळी परतताना जीप भरली नाही तर अर्धी वाट पायी. हे सगळं मला घाटंजीच्या स्टँडवर दिसायचं. मी तिथे उभी असायचे आणि ती घामेजून, वह्या छातीशी धरून माझ्यासमोरून धावत कॉलेजकडे जायची.

बारावीच्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर देवीलालने जीप विकली. परवडतच नव्हती. दुसऱ्या गावांच्या जिपा नाला ओलांडून बोरदऱ्यापर्यंत येईनात. एवढ्या लांब दोन माणसांसाठी कोण येणार? बोरदऱ्याला मग लालही गाडी उरली नाही आणि काळी-पिवळीही नाही. काही दिवस उर्वशी पायी आली. मग दिसेनाशी झाली. ती वेचणीला जायला लागली, असं धम्मरत्नच्या कानावर आलं.

एका दिवशी तुळसाबाई स्टँडवर आली. बोरदऱ्याहून चालत आली होती. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ होती. धम्मरत्नने "जयभीम, मावशी" म्हणून तिला पाणी दिलं. ती पाणी प्यायली आणि सरळ डोमाजींपुढे येऊन उभी राहिली.

"त्या रोजी मी बोलली ते खोटं नोतं, डोमाजीभाऊ."

"नोतंच," डोमाजी म्हणाले.

"पन अर्धंच होतं. म्या जीप मांगली होती. तुमची गाडी बंद करा म्हून नोतं मांगलं."

डोमाजींनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असतं तर पुष्कळ बोलता आलं असतं. त्यांनी माझं दार उघडून धरलं. "हे मले नोका सांगू. साहेबाले सांगा. बसा."

यवतमाळला डेपोत काय झालं ते धम्मरत्नने मग माझ्याच दारात उभं राहून दुसऱ्या कंडक्टरला सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं, की आता दिवस बदलले आहेत, प्रत्येक फेरीने आपला खर्च काढला पाहिजे. गाडी रिकामी फिरवली तर वरचे अधिकारी त्यांनाच जाब विचारतात. तुळसाबाई म्हणाली, "आन पोरगी घरी बसली तं कोनाले इचारतेत, साहेब?"

साहेबांनी फेऱ्यांचा कागद पुन्हा काढून पाहिला. शेवटी त्यांनी एक महिना फेरी चालवून पाहायचं कबूल केलं. माणसं बसली तर गाडी राहील, नाही तर नाही. तो महिना नेमका बारावीच्या परीक्षेचा होता.

मित्रांनो, त्या पहिल्या सकाळी बोरदऱ्याने माझं जे स्वागत केलं ते मी जन्मात विसरणार नाही. विहारासमोर बाया उभ्या होत्या. कुणी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, कुणी काचेला निळं फूल खोचलं, तांड्यावरच्या बिजलीबाईने डोमाजींच्या हातावर गूळ ठेवला. मी भरून निघाले. दुसऱ्या दिवशीही भरून निघाले. लोकांना खरंच गाडी हवी होती.

पण हवं असणं वेगळं आणि रोज तिकीट काढता येणं वेगळं. वेचणी संपली होती, मजुरी नव्हती. ज्याचं घाटंजीला काम नाही तो रोज घाटंजीला कशाला जाईल? आठवडाभरात माझे बाक रिकामे दिसू लागले. तुळसाबाई घरोघर फिरायची, बाजार नाही तर दवाखाना, दवाखाना नाही तर लेकीचं गाव, काही ना काही निमित्त काढून बायांना गाडीत बसवायची. बाया दोनदा आल्या, तिसऱ्यांदा लाजून आत गेल्या.

मग ती स्वतःच रोज येऊ लागली. उर्वशी पुढे खिडकीशी पुस्तक उघडून बसायची आणि आई मागच्या लांब बाकावर. पहिल्या दिवशी धम्मरत्नने सहज विचारलं, "कुठी चालली, मावशी?"

"कुठीच नाई. तिकीट दे."

त्याने दिलं. दुसऱ्या दिवशी त्याला कळलं. ती घाटंजीला उतरून दिवसभर स्टँडवर लिंबाखाली बसायची, फडक्यातली भाकर खायची आणि संध्याकाळी पुन्हा तिकीट काढून परत यायची. गाडीत एक माणूस जास्त दिसावा, एवढ्यासाठीच. धम्मरत्न म्हणाला, तुमचं तिकीट मी माझ्या खिशातून भरतो. ती रागावली नाही. फक्त मान हलवली. "माह्या पोरीची गाडी हाय, बाबू. तिकीट मीच काढीन."

मित्रांनो, मी लग्नाची वऱ्हाडं नेली आहेत, यात्रेकरू नेले आहेत, एकदा निवडणुकीच्या पेट्याही नेल्या आहेत. पण कुठेच न जाणारी ती बाई माझ्यात बसायची तेव्हा मला जेवढं ओझं वाटायचं तेवढं कशाचंच वाटलं नाही.

उर्वशीचे सगळे पेपर झाले. एकालाही तिला उशीर झाला नाही. नाल्याच्या चढावर माझं इंजिन तापायचं, पण त्या महिन्यात मी एकदाही बंद पडले नाही. यात माझं कौतुक नाही. डोमाजी रोज सकाळी उठून माझ्या एकेका नळीला हात लावून पाहायचे.

महिना संपला. उत्पन्न पुरेसं भरलं नव्हतं. शेवटच्या संध्याकाळी सगळे उतरल्यावर डोमाजी तुळसाबाईजवळ गेले आणि उद्यापासून गाडी येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. तिला ते आधीच कळलं असावं. ती म्हणाली, "पोरीचे पेपर झाले." मग तिचं लक्ष विहाराच्या पायरीकडे गेलं. सातवीतल्या तीन मुली तिथे बसल्या होत्या. पुढच्या वर्षी त्यांना घाटंजीला जायचं होतं, म्हणून त्या रोज संध्याकाळी गाडी पाहायला यायच्या.

"या पोरीयचं काय, डोमाजीभाऊ?" तिने विचारलं.

डोमाजींनी त्या मुलींकडे एकदा पाहिलं आणि माझं दार लावून घेतलं. 

त्या वर्षी उर्वशी पास झाली. यवतमाळला वसतिगृहात राहून नर्सिंग शिकली आणि आज दूर कुठल्याशा आरोग्य केंद्रात सिस्टर आहे. मला हे देवीलालकडून कळतं. तो आता याच भंगारवाल्याचा ट्रक चालवतो. दुपारी माझ्या पायरीवर बसून डबा खाता खाता तो आवारातल्या राखणदाराला बोरदऱ्याच्या गोष्टी सांगतो. त्या तीन मुलींपैकी एकीचं लवकर लग्न झालं. एक वेचणीला जाते. तिसरीच्या बापाने मोटरसायकल घेतली, ती शिकली.

एकदा राखणदार त्याला म्हणाला, की तुम्हा जीपवाल्यांनीच लाल गाड्या बुडवल्या. देवीलालने हातातला घास खाली ठेवला. तो म्हणाला, "माह्या जीपनं लोकं वाचले, हे बी खरं हाय. पन माही जीप भरली तवाच सुटे. ही लाल गाडी रिकामी बी सुटे." आणि मग त्याला डबा संपवावासा वाटला नाही. त्याने उरलेली भाकर आवारातल्या कुत्र्याला टाकली आणि तो ट्रककडे निघून गेला.

मित्रांनो, थोड्याच दिवसांत गॅसकटर येईल आणि माझे तुकडे होतील. त्याचं मला दुःख नाही, लोखंडाचं काहीतरी होतच राहतं. मला खंत वेगळीच आहे. मी एकटीच होते तेव्हा दुपारच्या उकंडासाठी कुणी नव्हतं. जीप आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता माझी गरज नाही. दोघींनी मिळून त्या गावाला किती चांगलं सांभाळलं असतं! तिने दुपार सांभाळली असती, मी सकाळ. पण आम्हाला एकमेकींसमोर शर्यतीला उभं केलं, आणि शर्यतीत दोघीही गेल्या.

आता बोरदऱ्याच्या रस्त्यावर डांबर आलं आहे म्हणतात. ज्यांच्याकडे स्वतःचं वाहन आहे ती माणसं भरधाव जातात. नाल्याच्या अलीकडे सकाळी अजून काही मुली दप्तरं घेऊन उभ्या असतात आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात दाखवतात. कुणी थांबतं, कुणी थांबत नाही.

तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले काही गाड्या चालवतील, काही साहेब होऊन कुठली फेरी ठेवायची आणि कुठली काढायची ते ठरवतील. एखादी सेवा बंद करण्याआधी चावडीवर बसलेल्यांना जरूर विचारा. पण त्या वेळी शाळेत असलेल्यांनाही विचारा. आणि रस्त्याच्या कडेला कुणाचा हात दिसला तर थांबा. मी थांबायचे, कारण थांबणं हे माझं कामच होतं. तुमच्यावर तशी सक्ती कुणी केलेली नाही, म्हणून तर मी विनवते आहे.